फोटोतला माणूस कोण?

लिव्हरपूलमध्ये किराण्याच्या घाऊक धंद्यात चांगला पैसा मिळवलेल्या फ्रान्सिस फ्रिथने तो धंदा विकला आणि १८६० च्या सुमारास रायगेट या गावी छायाचित्रांची कंपनी काढली. ब्रिटनमधलं एकूण एक शहर आणि खेडं कॅमेऱ्यात घ्यायचं आणि त्या चित्रांच्या प्रती लोकांना विकायच्या, असा त्याचा बेत होता. ऐकायला वेडगळ वाटतो, पण बराचसा तडीस गेला. फ्रिथ १८९८ मध्ये वारला, कंपनी मात्र १९७१ पर्यंत चालली आणि तिच्या संग्रहात तीन लाखांहून अधिक चित्रं जमली. १८९७ मध्ये सर बेंजामिन स्टोन या खासदाराने तर देशातल्या चालीरीती, जत्रा, जुन्या इमारती यांची छायाचित्रं पद्धतशीर जमवण्यासाठी एक संस्थाच उभी केली. पुढे पोस्टकार्डांची लाट आली आणि खेड्यातल्या दुकानात त्याच खेड्याचं चित्र विकत मिळू लागलं.

म्हणून तिकडच्या एखाद्या गावातला ऐंशीचा म्हातारा जुना फोटो हातात घेऊन सहज सांगू शकतो की हे लोहाराचं दुकान, दारात उभा आहे तो त्याचा धाकटा मुलगा, ही गाडी दूधवाल्याची आणि मागचं झाड अमुक वादळात पडलं. चित्र गावातच विकलं गेलं, घरातच राहिलं, आणि त्याच्याबरोबर नावंही एका पिढीकडून दुसरीकडे गेली.

जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे जाताना पूर्णेकाठी आमचं केदारखेडा लागतं. तिथून उत्तरेला भोकरदन, पुढे अन्वा आणि घाट उतरण्याच्या आधी तटबंदीचं अजिंठा गाव. फ्रिथची माणसं इंग्लंडची खेडी टिपत होती त्याच वर्षांत आमच्या या पट्ट्यातही कॅमेरा फिरत होता, आणि तोही जगाने दखल घ्यावी असा. त्याने काढलेली चित्रं आज लंडनमध्ये जपून ठेवलेली आहेत, त्यांत माणसंही आहेत. फक्त ‘हा कोण?’ असं विचारलं तर उत्तर द्यायला इकडेही कोणी नाही आणि तिकडेही नाही. असं का झालं हे सांगायचं तर कॅमेऱ्याच्या अर्धशतक आधीपासून, फौजांपासून सुरुवात करावी लागते.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची फौज आमच्या भागात होती. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या छावण्या भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेल्या होत्या, मध्ये केळणा नदी. नदीला इथे उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याने दुर्बीण लावली, तर पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दिसली. एवढ्या जवळ, मध्ये नदी, आणि माणसं एकमेकांकडे जात नसतील हे शक्य नाही, असं त्याने ताडलं आणि फौज तिकडे वळवली. उतार तिथे होता. केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात झालेल्या त्या लढाईत इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे नेपोलियनला हरवल्यावरही हा माणूस म्हातारपणी आपली लढाईतली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून असईचंच नाव घ्यायचा. वाटाड्यांचं नाव मात्र त्या सगळ्या कागदपत्रांत येत नाही. त्यांना उतार खरंच ठाऊक नव्हता की त्यांनी तो मुद्दाम दडवला, हा प्रश्न मला नेहमी पडतो. नदीकाठच्या माणसाला उतार ठाऊक नसणं अवघड आहे.

जखमींना ठेवायचं कुठे, हा पुढचा पेच होता. दौलताबादच्या किल्लेदाराने, तो निजामाचा म्हणजे इंग्रजांच्या दोस्ताचा माणूस असूनही, दार उघडलं नाही. शेवटी अजिंठा गावात इस्पितळ उघडलं गेलं. लेणी तिथून खाली दरीत, झाडोऱ्यात दडलेली, आणि फौजेला त्यांचा पत्ता नव्हता.

या लढाईनंतर आमच्या भागात इंग्रजी फौज कायमचीच राहिली. ती आली मद्रासहून. जालन्यात तिची छावणी झाली आणि १८२७ च्या सुमारास तिथे पक्क्या बराकी बांधल्या गेल्या. मद्रासची माणसं अजिंठ्याच्या गोष्टीत सारखी का येतात, याचं उत्तर इथे आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या मागावर दरीत उतरलेला जॉन स्मिथ मद्रास घोडदळाचाच होता. समोरच्या कड्यावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. एका गुराखी पोराने वाट दाखवली, असं सांगतात. स्मिथने आत जाऊन खांबावरच्या चित्रावर आपलं नाव, पलटण आणि तारीख खरडली. ती अक्षरं अजून आहेत. पोराचं नाव त्याने खरडलं नाही, विचारलंही नसेल.

नंतरची पंचवीस वर्षं हौशी लोक येत राहिले. कोणी वर्णनं लिहिली, कोणी चित्रांतले चेहरे भिंतीवरून खरवडून न्यायचा प्रयत्न केला. जेम्स फर्ग्युसन हा बंगालमध्ये निळीच्या व्यापारात पैसा केलेला आणि नंतर वास्तुकलेच्या नादी लागलेला स्कॉटिश गृहस्थ १८३९ मध्ये अजिंठ्याला आला आणि हे पाहून अस्वस्थ झाला. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्याने भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. सोसायटीने कंपनी सरकारकडे शब्द टाकला की ही चित्रं नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या. कंपनीने ते मान्य केलं आणि मद्रासच्या फौजेतला एक चित्रकार अधिकारी या कामावर नेमला. तो म्हणजे रॉबर्ट गिल.

गिल चाळिशीचा होता. १८४४ च्या अखेरीस काम त्याच्याकडे आलं आणि त्याचं उरलेलं आयुष्य याच मुलखात गेलं. अजिंठा गावातल्या बारादरीत त्याचा मुक्काम असे. तिथून घाट उतरून लेण्यांत जायचं, पणत्या-मशालींच्या उजेडात भिंतीवरचं चित्र पाहायचं आणि भल्यामोठ्या कापडावर तैलरंगात तसंच उतरवायचं. एकेका नकलेला महिने लागत. मधमाश्यांची मोहोळं, हिवताप, जनावरं, दरोड्यांची भीती, सामान मागवलं की वेळेवर न पोचणं, हे सगळं होतंच. शिवाय गिल जबर शिकारी होता, तेव्हा जनावरांची तक्रार दोन्ही बाजूंनी असणार.

इथे पारोची गोष्ट येते, आणि मराठी वाचकाला ती गिलपेक्षा जास्त परिचयाची आहे. ती स्थानिक मुलगी होती आणि गिलच्या आयुष्यात आली. २३ मे १८५६ रोजी ती वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिच्यावर गिलने इंग्रजीत तिच्या नावाने, प्रेमाने, चार शब्द कोरून घेतले. ना. धों. महानोर शेजारच्याच पळसखेड्याचे. त्यांनी ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यात ती गोष्ट घेतली, आणि २०१२ मध्ये तिच्यावर मराठी चित्रपटही निघाला. गिलला इंग्रज पत्नी होती, मुलं होती, हे प्रेमकथेच्या आवेशात बाजूला पडतं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. या सबंध हकीगतीत, आमच्या भागातल्या ज्या एका साध्या माणसाचं नाव इंग्रजाच्या हातून लिहिलं गेलं, ते पारोचं. आणि ते दगडावर लिहिलं गेलं, फोटोखाली नाही.

पारो गेली त्याच सुमारास गिलच्या हाती कॅमेरा आला.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होतं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फोटोत माणूस कसा आणि का आला हे त्यावरच ठरलं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली होती. काचेच्या स्वच्छ पट्टीवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा. हा द्रव ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेल्या, आम्लात भिजवून काढलेल्या कापसाचा. काच हातावर तिरकी करत तो चारी कोपऱ्यांपर्यंत एकसारखा पसरवायचा, वर ओघळ येऊ द्यायचा नाही. मग ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. ओलीच असताना कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून काही सेकंद उजेड द्यायचा, परत अंधारात आणून लगेच रसायनाने धुवायची. हे सगळं काच वाळायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत. अजिंठ्याच्या एप्रिलमध्ये ईथर बाटलीतून ओतता ओतता उडून जातो, तिथे दहा मिनिटंही मिळत नसतील. म्हणजे अंधारा तंबू लेण्याच्या दाराशीच हवा, भरपूर स्वच्छ पाणी हवं आणि लेण्यांखालची वाघोरा नदी तर उन्हाळ्यात डबक्यांपुरती उरते. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तिपाई, तंबू हे सामान डोक्यावरून, बैलावरून घाट उतरवायचं. एकट्याचं हे काम नव्हे. पेट्या उचलणारे, पाणी भरणारे, तंबू ठोकणारे हात अजिंठा, फर्दापूर या आसपासच्या गावांचेच असणार.

गिलच्या कित्येक चित्रांत खांबापाशी, पायरीवर, कमानीखाली एखादा माणूस दिसतो. डोक्याला मुंडासं, अंगावर थोडकं कापड, बहुधा बसलेला. बसलेला, कारण काही सेकंद न हलता उभं राहणं कठीण. हललं की चित्रात धूसर डाग उमटतो. आणि तो तिथे आहे तो खांब किती उंच, कमान किती मोठी हे विलायतेतल्या वाचकाला कळावं म्हणून. पुराणवस्तूंच्या छायाचित्रांत ही रीत पुढे शंभर वर्षं चालली. पट्टी ठेवण्याऐवजी माणूस बसवायचा. चित्राखाली लेण्याचा क्रमांक येतो, भागाचं नाव येतं, शैलीविषयी टिपण येतं. माणसाविषयी काही येत नाही.

गिलची बरीच चित्रं जोडचित्रं होती. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने डोळ्यांइतक्या अंतरावरून एकाच दृश्याची दोन चित्रं घ्यायची आणि दुर्बिणीसारख्या पेटीतून ती पाहायची, की दृश्याला खोली येते. जत्रेत बायोस्कोपच्या पेटीला डोळे लावून ताजमहाल पाहिलेल्या पिढीला हा आनंद सांगायला नको. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ही पेटी आवडली आणि घरोघरी तिचं वेड लागलं. या वेडावर स्वार होऊन १८६४ मध्ये गिलच्या चित्रांची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. एकात भारतातल्या लेण्यांची ७४ छायाचित्रं, दुसऱ्यात पश्चिम भारतातली वास्तू आणि निसर्ग दाखवणारी १०० जोडचित्रं. दोन्हींना मजकूर फर्ग्युसनचा. लंडनच्या दिवाणखान्यात बसून लोक अजिंठ्याच्या पायरीवरचा तो माणूस अगदी हात लावावा इतका जवळ पाहत होते. केदारखेड्यात किंवा भोकरदनात त्या पेटीला कोणी डोळे लावल्याचा संभव शून्य.

याच काळात मुंबईत चित्र अगदी वेगळं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्यात इंग्रजांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले. म्हणजे कॅमेरा मराठी माणसाच्या हाती लवकरच आला होता. फक्त मुंबईच्या. भाऊ दाजी अजिंठ्यालाही येऊन गेले आणि १८६३ मध्ये त्यांनी तिथल्या शिलालेखांवर निबंध वाचला. त्यांनी तिथे वाचली ती मुख्यतः नावं. दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग वासिठीपुत कटहादीने करवला, बाराव्याशी घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचं नाव आहे, सोळावं वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचं.

आणि आमच्या भोकरदनची तर याहून जुनी साक्ष आहे. त्याचं प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर ज्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माणूस शेकडो कोस दूर एका स्तूपाच्या कठड्यासाठी दान देई आणि ‘अमुक गावच्या अमुकाचं दान’ असं लिहून घेई. राजा असो की भिक्षुणी, एवढी ओळ त्याला मिळे. १८६० च्या दशकात त्याच मुलखातला माणूस हुबेहूब चेहऱ्यानिशी काचेवर उमटला, पण ती ओळ त्याला मिळाली नाही.

गिलच्या तैलचित्रांचं पुढे जे झालं ते अनेकदा लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. त्याने केलेल्या बहुतेक नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली आणि वीस वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. प्रदर्शनात नसलेल्या मोजक्या नकला वाचल्या. गिल पुन्हा कामाला लागला, लोणारच्या देवळांसारखी वऱ्हाडातली ठिकाणंही त्याने टिपली, पण तब्येत साथ देत नव्हती. एप्रिल १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळला पुरला गेला. त्याच्या हयातीतच मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ पासून तेरा वर्षं खपून त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्या ठेवल्या होत्या त्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला १८८५ मध्ये आग लागली. त्यातही पुष्कळ नकला गेल्या.

रंगीत कापडं दोनदा जळाली. छायाचित्रं मात्र उरली, कारण ती अनेक प्रतींत होती, पुस्तकांत चिकटवलेली होती. आज अभ्यासकांना ती लाखमोलाची वाटतात. दुरुस्तीच्या आधी, ढिगारे उपसण्याच्या आधी, लेण्यांचे दर्शनी भाग कसे होते हे त्यांत दिसतं. खांब पुन्हा उभे केले गेले, भेगा बुजल्या, वाटा बदलल्या. म्हणजे खांबाची हकीगत लागते. खांबाशी बसलेल्याची लागत नाही.

यानंतरचा कॅमेरा आला तो दुष्काळात.

भोकरदन, जालना हे तालुके तेव्हा निजामी राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. १८९९ मध्ये पाऊस गेला. दख्खनभर, गुजरात-राजपुतान्यात, मध्य प्रांतात त्या साली जो दुष्काळ पडला तो त्या शतकातल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी. निजाम सरकारने औरंगाबाद भागात मदतीची कामं काढली आणि त्यांची छायाचित्रं घेतली ती राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने. दीनदयाळ म्हणजे त्या काळचं हिंदुस्थानातलं सर्वांत मोठं नाव. मेरठजवळच्या सरधन्याचे, रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले, इंदूरला नोकरी करता करता छायाचित्रकार झालेले, आणि मग सहाव्या निजामाच्या दरबारात पोचलेले. सिकंदराबाद आणि मुंबई इथे त्यांचे स्टुडिओ होते. राजवाडे, शिकारी, मेजवान्या, व्हाइसरॉयचे दौरे हे त्यांचं नेहमीचं काम. वेरूळ आणि दौलताबादची त्यांची चित्रं आजही कॅलेंडरांवर दिसतात.

त्याच स्टुडिओच्या कॅमेऱ्यापुढे औरंगाबादेत मदतछावणीतली माणसं आणून बसवली गेली. बरगड्या मोजता याव्यात असे बायका-पुरुष, पोरं. त्यातल्या एका चित्राचं इंग्रजी शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘हाडकुळेपणाचे नमुने’ असं आहे. चित्रामागचा हेतू वाईट नव्हता. उपासमार किती आहे आणि सरकार काय करतं आहे हे वर कळवायचं होतं. पण लेण्यात जो माणूस खांबाची उंची सांगायला बसला होता, तोच आता दुष्काळाची खोली सांगायला बसला, एवढाच फरक. कोण कुठल्या गावचा, कोणाची लेक, त्यातलं कोण पुढे जगलं, हे चित्राखाली नाही. पूर्णेकाठच्या एखाद्या घरातलं माणूस त्यांत असू शकेल. त्या घराला ते कळायला मार्ग नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण १९७२ चं. बहात्तरच्या दुष्काळाचे आमच्या गावांत कोणाकडे फोटो नाहीत, पण साठी ओलांडलेल्या कोणाही माणसापुढे नुसतं ‘बहात्तर’ म्हणा. कोणत्या कामावर खडी फोडली, मुकादम कोण, हजेरी कशी लागायची, सुकडी कोणत्या भांड्यात मिळायची, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी घशाखाली कशी उतरत नव्हती, कोणाचे बैल गेले, कोण मुंबईला गेलं ते परत आलंच नाही. नावं धडाधड येतात. बंधारा दाखवून सांगतात की ही पाळ आमच्या हातची. निजामाचा दुष्काळ फोटोत आहे आणि कोणाच्या तोंडी नाही. बहात्तरचा तोंडी आहे आणि फोटोत नाही. इंग्रजी खेड्यात या दोन गोष्टी एकत्र आल्या, कारण तिथे फोटो काढणारा आणि निघणारा एकाच बाजारपेठेतले होते. इकडे काढणारा सरकारचा आणि निघणारा रयत, आणि चित्राची प्रत रयतेला द्यावी असं कोणाला सुचलंच नाही.

मधल्या काळात पुराणवस्तूंचा कॅमेरा आपलं काम करत होता. अन्व्याचं देऊळ, ज्याला लोक मढ म्हणतात, ते हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या १९३१ च्या आपल्या ग्रंथात छायाचित्रांसह घेतलं. आज आत महादेव आहे, पण बाहेरच्या भिंतींवर विष्णूची रूपं आहेत, म्हणजे मूळचं देऊळ विष्णूचं. गाववाल्यांना याचं काही वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, अजिंठ्याच्या चित्रांचे रंगीत फोटो काढून १९३० ते १९५५ च्या दरम्यान चार खंडांत छापले. आणि १९७३ मध्ये, म्हणजे दुष्काळ सरता सरता, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. श्री. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली भोकरदनला उत्खनन केलं. त्यात हस्तिदंताची एक बाई सापडली. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत मिळाली आहे. खड्ड्यांचे फोटो निघाले, थरांचे निघाले.

गावात स्वतःच्या पैशाने फोटो काढून घ्यायची चाल कधी आली, तर तालुक्याला स्टुडिओ आले तेव्हा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं किंवा ताजमहाल, पुढे एक लाकडी खुर्ची, शेजारी प्लास्टिकची फुलं. लग्न ठरलं की मुलीचा फोटो, पोरगा दहावी झाला की पासपोर्ट साइज. गावोगावच्या उरुसात, राजूरच्या चतुर्थीला, फोटोवाला कापडी तंबू टाकून बसे. घराच्या ओटीवर फ्रेम लागे ती बहुधा माणूस गेल्यावर, आणि जिवंतपणी फोटो निघालेलाच नसला तर गर्दीच्या फोटोतून चेहरा कापून, मोठा करून, त्याला स्टुडिओवाल्याकडून नवी टोपी आणि कोट चढवून घ्यायचा. आमच्याकडच्या कित्येक घरांत आयुष्यभर धोतर-बंडीत वावरलेले आजोबा भिंतीवर टाय लावून बसलेले आहेत. पण या फोटोंपुढे कोणाही नातवाला उभं करा, तो नाव सांगेल, भाऊबंदकी सांगेल, कोणत्या विहिरीवरून भांडण झालं तेही सांगेल. इंग्लंडातल्या त्या म्हाताऱ्याला जे जमतं ते इथे जमतं, फक्त साठ-सत्तर वर्षं उशिरा.

बायकांच्या बाबतीत उशीर आणखी मोठा. शेतात राबणाऱ्या, तालुक्याच्या बाजाराला वर्षातून दोनदा जाणाऱ्या बाईला स्टुडिओच्या पडद्यापुढे बसायला कारण काय? १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्रं द्यायचा आदेश काढला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव शाळेच्या व्हरांड्यात कॅमेरे लागले. पदर डोक्यावर, कॅमेऱ्याकडे बघू की जमिनीकडे अशी नजर, मागे शाळेची चुन्याची भिंत. कित्येक आज्यांचा तो आयुष्यातला पहिला फोटो. आणि त्याच्याखाली, सरकारी कॅमेऱ्याच्या इतिहासात आमच्या भागात बहुधा प्रथमच, नाव, नवऱ्याचं नाव, वय आणि गाव, सगळं छापील. नावात हटकून एखादी वेलांटी चुकलेली असे, वय दहा वर्षांनी मागे-पुढे. ती दुरुस्त करून घ्यायला लोक रांगेत उभे राहिले, कारण फोटो कसा का येईना, नाव बरोबर पाहिजे होतं.